उलटं दीपगृह

भिंगरीचा लहानपणीचा एकही फोटो धड नाही, आणि हे फोटोग्राफरच्या घरात घडावं म्हणजे कमालच म्हणायची. पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत फ्रॉक स्पष्ट आहे, फ्रॉकवरची बटणं मोजता येतात, पण चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरट फराटा. दुसऱ्या वर्षी पाय आहेत, हात नाहीत. तिसऱ्या वर्षी मामानं कॅमेऱ्यामागून डोकं काढून जाहीर केलं, "ताई, ही मुलगी नाही, भिंगरी आहे," आणि तेच नाव पडलं. शाळेच्या हजेरीपटावर दुसरं भारदस्त नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली की ती स्वतःसुद्धा क्षणभर मागे वळून बघायची, कोण बाई ही म्हणून.

मामाचा स्टुडिओ खाली रस्त्यालगत होता आणि वरच्या दोन खोल्यांत मामा, आई आणि भिंगरी राहायचे. स्टुडिओत एक गोल स्टूल, मागे निळा पडदा, दोन बाजूंना दोन छत्र्यांचे दिवे आणि आरशापाशी दोरीनं बांधलेला कंगवा. दोरी अशासाठी, की आधीचे अकरा कंगवे लोकांनी खिशात घालून नेले होते. दिवसभर तिथे एकच मंत्र चालायचा. "डोकं वर, खांदे सरळ, हलू नका." ओळखपत्राचे फोटो, पासपोर्टचे फोटो, नोकरीच्या अर्जाचे फोटो. वर जेवताना आई पोक काढून बसली तरी मामाच्या तोंडून निघायचं, "खांदे सरळ." आई म्हणायची, "अरे, मी गिऱ्हाईक नाही, बहीण आहे. घास तरी गिळू दे."

भिंगरीला फोटोचं वेड मामानंच लावलं. दहाव्या वर्षी त्यानं तिच्या गळ्यात आपला जुना कॅमेरा अडकवला आणि तिला प्रकाश बघायला शिकवलं. छायाचित्रातलं त्याला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. फक्त गेल्या कित्येक वर्षांत त्यानं निळ्या पडद्यापुढच्या माणसांखेरीज कशाचाच फोटो काढला नव्हता. तरुणपणी काढलेले दोन वादळांचे फोटो काउंटरमागे फ्रेममध्ये होते, आणि कुणी त्यांच्याकडे नजर टाकली की तो घसा खाकरून वाट बघायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "प्रती किती वेळात मिळतील?"

पंधरावं लागलं आणि भिंगरीला अचानक कंठ फुटला. आधी वर्गात मागच्या बाकावर बसून नखं खाणारी मुलगी आता हात वर करून "सर, तुमचं दुसरं उदाहरण चुकलंय" म्हणायला लागली. वक्तृत्वात उभी राहिली. पाचवी आली, पण ऐटीत घरी परतली. अशात शाळेच्या फलकावर बंदर कार्यालयाचं पत्रक लागलं. दीपगृहाला शंभर वर्षं झाली म्हणून फोटोंची स्पर्धा. विषय, 'संध्याकाळचं दीपगृह'. आणि बक्षीस असं, की वाचून भिंगरीनं शेजारच्या मैत्रिणीचा दंड इतका आवळला की तिथे बोटं उमटली. विजेत्यानं एका संध्याकाळी वर जायचं, दिव्याच्या खोलीत, आणि आपल्या हातानं दिवा लावायचा.

दिव्याच्या खोलीत कुणालाच सोडत नसत. सहा वर्षांची असल्यापासून भिंगरी फाटकाच्या गजांत नाक घालून बत्तीवाल्या काकांना विचारत आली होती, "आज?" आणि उंच, वाकलेले बत्तीवाले काका दरवेळी तेच म्हणायचे, "नियम आहे, बाळ." आता वर्षअखेर ते निवृत्त होणार होते. त्यानंतर दिवा आपोआप लागणार, खोलीला कुलूप बसणार. म्हणजे ही स्पर्धा जिंकली तर जिंकली, नाहीतर ती खोली जन्मात दिसणार नव्हती.

भिंगरी कामाला लागली. गावातले सगळे धक्क्यावरून फोटो काढत. समोर दीपगृह, मागे लाल आकाश, झाला फोटो. तसे फोटो मिठाच्या पुड्यावरसुद्धा होते. भिंगरी भटकत भटकत दक्षिणेच्या खडकांवर गेली. तिथे पूर्ण ओहोटीला एक डबकं उरायचं, परातीएवढं, आणि वारा पडला की त्यात अख्खं दीपगृह उलटं लटकायचं. बुंधा वर, दिवा खाली. भिंगरी पोटावर झोपून बघतच राहिली. कोपर खरचटलं तेही तिला घरी गेल्यावर कळलं.

पण नुसतं डबकं सापडून भागणार नव्हतं. संध्याकाळ आणि पूर्ण ओहोटी एका वेळी जुळायला हवी, आणि तसं पंधरवड्यातून दोन-तीनच दिवस जुळतं. त्यातही उजेडाची घटका नेमकी पकडायची. मामानं तिला शिकवलं होतं, "सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटं अशी येतात की आकाश आणि दिवा यांचं वजन सारखं होतं. आधी गेलीस तर दिवा फिका, नंतर गेलीस तर आकाश काळं ठिक्कर." काळ्या पुठ्ठ्याची युक्तीही त्याचीच. कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवायचं, पण भिंगापुढे पुठ्ठा धरायचा, आणि आपल्याला हवं तेव्हाच क्षणभर बाजूला करायचा.

"अशा लांब फोटोत एक गंमत असते," मामा म्हणाला होता. "हलणारा उमटत नाही. थांबणारा उमटतो."

"म्हणजे मी कधीच उमटणार नाही," भिंगरी म्हणाली होती.

"तू कॅमेऱ्यामागेच बरी."

पहिल्या पंधरवड्यात वारा सुटला. दुसऱ्या पंधरवड्यात सगळं जुळलं. हलकं धुकं होतं, त्यात दिव्याचा झोत काठीसारखा दिसत होता. दर दहा सेकंदांनी तो समुद्रावर यायचा, आणि तो समुद्रावर आला की भिंगरी पुठ्ठा उचलायची. बाकी वेळ झाकून ठेवायची. असं आठ वेळा. शंभर वर्षं गरगर फिरणारा झोत तिनं असा एका जागी थांबवला. आणि मग शेवटची करामत, जी तिची स्वतःची होती, मामाचीसुद्धा नाही. नखाएवढा एक पांढरा शिंपला तिनं आधीच डबक्याच्या तळाशी ठेवला होता. शेवटच्या वेळी पुठ्ठा उचलताना तिनं बाजूनं त्या शिंपल्यावर छोटी टॉर्च मारली, एक सेकंद, बस. फोटोत डबक्यातल्या आकाशात एक तारा चमकला.

घरी येऊन तिनं फोटो संगणकावर उघडला तेव्हा मामा कंगव्याची दोरी बदलत होता. तो आला, बघितलं, चष्मा काढून पुसला, परत बघितलं.

"हा तू काढलास?"

"मग काय शेजारणीनं?"

मामा हसला नाही. फोटोच्या कडेला डबक्याचा खडबडीत काठ दिसत होता, आणि मध्ये ते उलटं दीपगृह. "डोकं खाली आलंय," तो शेवटी म्हणाला.

"डबकं आहे ना, मामा! तसंच पाहिजे. बघणाऱ्याला आधी कळतच नाही काय आहे, आणि मग कळतं!"

"हं. बघणाऱ्याला मान वाकडी करायला लावू नये." पण त्याची नजर पडद्यावरून हलली नाही.

ताऱ्याबद्दल त्यानं विचारलं नाही, आणि भिंगरीनंही सांगितलं नाही. तिला ते बक्षीस घेताना सांगायचं होतं. सगळे विचारणार, 'हा कुठला तारा?' आणि ती खिशातून शिंपला काढून तळहातावर ठेवणार. आरशापुढे उभं राहून तिनं त्याचा सरावसुद्धा केला होता, चार वेळा, चार निरनिराळ्या हास्यांसह.

बंदर कार्यालय दहा ते चार उघडं, आणि तिची शाळा त्याच वेळात. तिनं अर्ज भरला, नाव पूर्ण लिहिलं, खाली वळणदार रेघ ओढली आणि पाकीट मामाकडे दिलं.

"फोटो छापून यात घालशील? विसरशील बघ."

"कॅमेऱ्यात फिल्म घालायला विसरलोय का कधी?" मामा म्हणाला. "जा शाळेत."

प्रदर्शनाच्या रविवारी ती आईला ओढतच घेऊन गेली. मामा सकाळीच पुढे गेला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. आई म्हणत होती, "अगं, हळू! माझा हात आहे तो, टाकीचा नळ नाही." बंदर कार्यालयाच्या सभागृहात ओळीनं फोटो टांगले होते. धक्का, लाल आकाश. धक्का, नारिंगी आकाश. धक्का, जांभळं आकाश. आणि अगदी टोकाला, मोठ्या फ्रेममध्ये, पिवळी फीत लावलेला पहिल्या नंबराचा फोटो.

भिंगरी पाहत राहिली. झोत तिचा होता. धुकं तिचं होतं. तारा तर तिचाच. पण दीपगृह सरळ उभं होतं. डोकं वर, खांदे सरळ. कुणीतरी फोटो फिरवला होता आणि खडकाचा काठ कापून टाकला होता, त्यामुळे डबकं नाहीसं झालं होतं आणि उरला होता एक छान, शहाणा, गुळगुळीत फोटो. खाली चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'संध्यातारा'. आणि त्याखाली मामाचं नाव.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय हे भिंगरीनं खडकांवर शंभरदा अनुभवलं होतं. ते फरशीवरही होतं हे तिला नवीन होतं.

"चुकून झालं असेल," ती म्हणाली. "ऑफिसवाल्यांनी पाकीट बघून लिहिलं असेल. पाकीट स्टुडिओचं होतं ना, आई? म्हणून."

आई चिठ्ठीकडे बघत नव्हती, लोकांमध्ये उभ्या असलेल्या आपल्या भावाकडे बघत होती. त्याच्याभोवती सात-आठ जण होते, आणि तो हातवारे करून सांगत होता. किती वर्षांनी कुणी त्याला फोटोबद्दल विचारत होतं!

बंदराचे मोठे साहेब म्हणाले, "आणि हा तारा तर काय, वा! बरोबर जागेवर आलाय."

भिंगरी पुढे घुसली. मामानं तिला पाहिलं आणि त्याचे हात हवेतच थांबले. ती त्याला एक संधी देत होती, खरंच देत होती. सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात, वक्तृत्वातल्यासारखं तिनं विचारलं, "मामा, तारा कुठला तो?"

त्यानं फक्त म्हणायचं होतं, 'हिला विचारा.' दोन शब्द. त्यानं तसं म्हटलं असतं तर तिच्या जागी आधी त्याचं नाव होतं हे ती जन्मभरासाठी विसरून गेली असती.

मामानं फोटोकडे पाहिलं. मग तिच्याकडे नाही, साहेबांकडे पाहिलं.

"शुक्र," तो म्हणाला. "चाळीस मिनिटं थांबलो त्याच्यासाठी."

शिंपला भिंगरीच्या खिशात होता. तिनं मूठ इतकी आवळली की त्याची कड तळव्यात रुतली.

तेवढ्यात मागून बत्तीवाल्या काकांचा आवाज आला. "हा दक्षिणेच्या खडकावरून काढलाय ना?"

"हो, हो," मामा म्हणाला.

"म्हणजे कॅमेरा उत्तरेकडे. तीस वर्षं मी रोज संध्याकाळी आकाश बघून वहीत नोंद करतोय. उत्तरेला शुक्र कधी आला नाही." काका फोटोजवळ वाकले. "आणि सज्ज्याचं दार तिथून उजवीकडे दिसतं. इथे डावीकडे आलंय."

मामाच्या कपाळावर घाम आला, पण तोंड बंद झालं नाही. "छपाईत उलटलं असेल हो. आणि तारा... कलाकाराचा तारा आहे, त्याला दिशा कसल्या!"

साहेब खो खो हसले, मग सगळेच हसले, टाळ्या पडल्या, फीत मामाच्या हातात आली. बत्तीवाले काका हसले नाहीत. त्यांनी मान वळवून गर्दीत कुणाला तरी शोधलं, आणि नजर भिंगरीच्या आवळलेल्या मुठीवर येऊन थांबली. पण पंच साहेब होते आणि नियम साहेबांचे होते. काकांनी खाली बघितलं.

घरी येताना भिंगरी मामाच्या दहा पावलं मागे चालत होती. मामा स्टुडिओचं शटर उघडून आत गेला तशी ती मागोमाग गेली.

"माझा अर्ज कुठाय?"

मामानं ड्रॉवर उघडला. अर्ज आतच होता, घडी न मोडलेला, खाली ती वळणदार रेघ. निदान फाडला नव्हता. का कोण जाणे, त्यानंच तिला जास्त लागलं.

"ऐक," मामा म्हणाला. "पोरीच्या नावानं दिला असता तर कुणी बघितलं नसतं. शाबासकी देऊन बाजूला ठेवला असता. स्टुडिओचं नाव झालं ते तुझंच आहे ना? तू माझीच ना?"

"तुझी आहे म्हणून माझं काहीच नाही?"

"कॅमेरा माझा, कागद माझा, शाई माझी. पुठ्ठा धरायला कुणी शिकवलं?"

"तू."

"मग?"

"तो तारा काय आहे, मामा?"

मामानं ड्रॉवर लावून टाकला.

"सांग ना. चाळीस मिनिटं थांबलास त्याच्यासाठी."

तो स्टुलावर बसला, गिऱ्हाईकाच्या स्टुलावर, निळ्या पडद्यापुढे. पोक काढून. "अठरा वर्षं झाली मला खरा फोटो काढून," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी तुझा बघितला आणि वाटलं, हा मी काढायला हवा होता. नंतर दोन दिवसांनी वाटायला लागलं की मीच काढलाय."

भिंगरीला त्याची दया आली, आणि दया आली याचाच भयंकर राग आला.

वर आई भांडी घासत होती. नळ चालूच ठेवून म्हणाली, "घरातली गोष्ट आहे, घरातच राहू दे. तुझा मामा आहे तो. आपण त्याच्या घरात राहतो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"आज कळलं. तुझ्याबरोबरच."

"मग तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

आईनं तीच ताटली परत घासायला घेतली. भिंगरीनं उत्तराची वाट पाहिली, ताटली तीनदा घासून होईपर्यंत.

दिवा लावायची संध्याकाळ नेमकी पुढच्या ओहोटीची निघाली. मामा पायऱ्यांपाशी उभा राहून म्हणाला, "विजेत्याबरोबर एक मदतनीस चालतो. साहेबांना विचारलंय मी. चल, ट्रायपॉड घे. इतकी वर्षं नाचत होतीस ना वर जायला?"

आणि खरं सांगायचं तर तिचे पाय निघालेच होते. सहा वर्षांची असल्यापासूनचे पाय होते ते. ती दोन पायऱ्या उतरलीसुद्धा. मग तिला डोळ्यांपुढे दिसलं, ती वर दिव्याच्या खोलीत उभी आहे, हातात मामाचा ट्रायपॉड, आणि बत्तीवाले काका विचारतायत, 'आज?' आणि ती उत्तर काय देणार?

"नको," ती म्हणाली. "मला दुसरं काम आहे."

ती खडकांवर गेली. डबकं जागेवर होतं. वारा नव्हता, धुकंही नव्हतं, आकाश काचेसारखं. तिनं जुना कॅमेरा लावला. दिवा लागला. तो लावणारा हात कुणाचा होता हे तिला माहीत होतं, तरी तो लागताना तिनं लहानपणीसारखीच मान उंच केली. मग सज्ज्याचं दार उघडलं आणि दोन माणसं बाहेर आली. एक उंच, वाकलेला. दुसरा मामा.

तिनं झाकण उघडलं, भिंगापुढे पुठ्ठा धरला आणि मोजायला लागली. मामा कठड्याशी इकडून तिकडे फिरत होता, कॅमेरा डोळ्याला लावत होता, काढत होता. हलणारा उमटत नाही. आणखी अर्धं मिनिट तो असाच फिरला असता तर फोटोत सज्जा रिकामा आला असता.

पण मामानं खाली बघितलं. खडकावर पोटावर झोपलेली ती त्याला दिसली असावी, आणि तिच्या हातात काय आहे हे गावात त्याच्याइतकं कुणाला कळणार? तो थांबला. कॅमेरा खाली ठेवला. दोन्ही हात बाजूला घेतले, डोकं वर केलं, खांदे सरळ केले, आणि उभा राहिला. हलला नाही.

भिंगरीच्या हातात पुठ्ठा होता. तो तसाच धरून ठेवला असता तर मामा उमटलाच नसता. झोत समुद्रावर आला. तिनं पुठ्ठा उचलला. परत झाकला. परत उचलला. आठही वेळा. शिंपला तिनं खिशातून काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं फोटो छापला आणि काउंटरमागे, दोन वादळांच्या मधोमध, टाचण्यांनी लावला. उलटं दीपगृह, भोवती खडबडीत खडक, आणि सज्ज्यात मुंगीएवढा एक माणूस, डोकं खाली लटकलेला, अगदी स्पष्ट. फोटोखाली तिनं आपलं हजेरीपटावरचं पूर्ण नाव लिहिलं.

मामा आतून आला. फोटोपुढे उभा राहिला. स्टुलावरचं गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, तो उलटा लागलाय." सवयीनं मामाचा हात वर गेला, टाचणीपर्यंत पोचला.

भिंगरी कंगव्याची दोरी गुंडाळत त्याच्याकडे बघत होती.

मामानं हात मागे घेतला. "नाही," तो गिऱ्हाईकाला म्हणाला. "तो तसाच आहे." आणि कॅमेऱ्यामागे जाऊन बराच वेळ काहीच बोलला नाही, इतका वेळ की शेवटी गिऱ्हाईकानंच विचारलं, "डोकं वर करू का?"